पिक्सेल आणि इंच : सूक्ष्म पडद्यांवरील आज्ञावल्यांच्या विशालनाचा प्रश्न

आमच्या विभागातील एका प्रयोगशाळेत पदार्थांच्या पातळ थरांतून वाहणारा अत्यल्प विद्युत्प्रवाह निरनिराळ्या तापमानांस मोजण्याचे एक जुने उपकरण आहे. उपकरण उत्तम स्थितीत आहे. त्यास जोडलेल्या संगणकाचा पडदा तेवढा निकामी झाला, म्हणून त्याच्या जागी २७ इंची, ३८४० × २१६० पिक्सेलांचा नवा पडदा बसविण्यात आला. नव्या पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी दिसू लागली. तेव्हा कोणीतरी, आणि त्यात त्याची चूक होती असे म्हणता येणार नाही, संगणकाच्या मांडणीत जाऊन सर्व काही दीडपट मोठे दिसावे अशी योजना करून दिली. अक्षरे वाचण्याजोगी झाली आणि काम पूर्ववत् सुरू झाले.

पुढे एका संशोधक विद्यार्थिनीस आपल्या आलेखात एक चमत्कारिक पायरी आढळली. तापमान उतरत जाईल तसतसा प्रवाह क्रमाने कमी होत होता, आणि एका ठराविक तापमानापाशी तो एकाएकी दसपटीच्या आसपास वाढून पुन्हा कमी होऊ लागत होता. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या नमुन्यावर, पायरी थोड्या निराळ्या तापमानास, पण तशीच. ही पायरी म्हणजे पदार्थातील एखादे अवस्थांतर असावे, ह्या समजुतीने जवळजवळ आठवडाभर चर्चा झाली. त्या दिशेने थोडेबहुत वाचनही झाले. खरा प्रकार असा होता की, प्रवाहाचे मान दाखविणाऱ्या चौकटीतील अक्षरे दीडपट झाली होती, पण चौकट पूर्वीएवढीच राहिली होती. घातांकाचा शेवटचा आकडा चौकटीच्या उजव्या कडेपलीकडे जाऊन दिसेनासा झाला होता. दिवसाच्या आरंभी उपकरणाच्या पल्ल्यावरून घातांक वजा सहा आहे असे पाहून घ्यावयाचे आणि मग पडद्यावरचे आकडे वहीत उतरून घ्यावयाचे, ही तेथील जुनी रीत. मध्येच उपकरण आपण होऊन पल्ला बदलून वजा सातवर गेले, हे आज्ञावली इमानाने सांगत होती. फक्त तो आकडा कोणास दिसत नव्हता.

ही हकिगत येथे विस्ताराने देण्याचे कारण असे की, सूक्ष्म पडद्यांवर आज्ञावल्या नीट दिसत नाहीत ही तक्रार आजवर केवळ गैरसोयीची तक्रार मानली गेली आहे. बटणे बारीक दिसतात, अक्षरे पुसट दिसतात, एका पडद्यावरची खिडकी दुसऱ्या पडद्यावर नेली की अवाढव्य होते. ह्यावर माणूस चरफडतो आणि डोळे बारीक करून कामास लागतो. परंतु ह्या चरफडीच्या मुळाशी एक शुद्ध मापनशास्त्रीय गोंधळ आहे, आणि मापनाशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांनी तो समजून घेणे इष्ट आहे. पिक्सेल ही मोजावयाची वस्तू आहे; लांबीचे एकक ती कधीच नव्हती. तथापि तीस-चाळीस वर्षे आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनी तिचा उपयोग लांबीचे एकक म्हणून केला. हा गोंधळ कसा उत्पन्न झाला, तो निस्तरण्याचे कोणते मार्ग काढले गेले आणि त्यांतील एकही निर्दोष का ठरला नाही, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ छापखान्यापासून करावा लागतो. शिशाच्या खिळ्यांचे आकारमान पॉइंटांत सांगण्याची पद्धत अमेरिकेतील ओतशाळांनी १८८६ साली स्वीकारली. त्या पद्धतीत एका इंचात ७२ हून किंचित अधिक पॉइंट बसत, आणि बारा पॉइंटांचा एक पायका होई. आपल्याकडील जुन्या खिळेजुळाऱ्यांच्या बोलण्यातही पायका हा शब्द रुळलेला होता. संगणकाच्या काळात, १९८४ साली आलेल्या पोस्टस्क्रिप्ट ह्या मुद्रणभाषेने अपूर्णांक काढून टाकून एका इंचात बरोबर ७२ पॉइंट असे ठरविले. त्याच वर्षी आलेल्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा ५१२ × ३४२ पिक्सेलांचा होता, आणि त्याची बिंदुघनता, म्हणजे एका इंचात मावणाऱ्या पिक्सेलांची संख्या, ७२ होती. म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक पॉइंट. पडद्यावर बारा पॉइंटांचे अक्षर कागदावरच्या बारा पॉइंटांच्या अक्षराएवढेच दिसे. ही व्यवस्था इतकी सुबक होती की, पिक्सेल आणि लांबी ह्यांतील भेद विसरण्याचा मोह तेथूनच सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने ९६ हा आकडा घेतला. त्यामागील विचार असा की, पडदा वाचताना तो कागदापेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक दूर असतो. म्हणून अक्षर तितकेच मोठे काढावे. ७२ च्या चार तृतीयांश म्हणजे ९६. अशा रीतीने बारा पॉइंटांचे अक्षर सोळा पिक्सेलांचे झाले आणि शिवाय, पिक्सेल अधिक मिळाल्यामुळे, लहान अक्षरे सुवाच्यही झाली. हा ९६ पिक्सेलांचा इंच ‘तार्किक इंच’ होता. पट्टी लावून मोजला तर तो पडद्यागणिक निराळा भरे. परंतु त्या काळचे बहुतेक पडदे ९६ च्या आगेमागेच असल्याने तो खऱ्या इंचाच्या पुष्कळ जवळ येई, आणि आज्ञावली लिहिणाऱ्यास फरक जाणवत नसे. बटण किती रुंद? ७५ पिक्सेल. चित्रखूण केवढी? सोळा पिक्सेल. ही उत्तरे लांबीची वाटत, पण ती मोजणीची होती.

पूर्वसूचना मिळाली नाही असे मात्र नाही. विंडोज ९५ मध्येच ‘मोठ्या अक्षरां’साठी ९६ च्या जागी १२० घेण्याची सोय होती, आणि ती वापरून पाहिलेल्यांस चौकटीबाहेर सांडलेली अक्षरे तेव्हाही भेटली होती. अक्षरांचे मान पॉइंटांत दिलेले असल्याने ती वाढत. चौकटीचे मान पिक्सेलांत दिलेले असल्याने ती वाढत नसे. आमच्या प्रयोगशाळेत घडले ते हेच. २००१ साली आयबीएमने ३८४० × २४०० पिक्सेलांचा, २२ इंचांहून थोडा मोठा असा पडदा बाजारात आणला. त्याची बिंदुघनता २०४ होती, आणि त्यावर सोळा पिक्सेलांची चित्रखूण जेमतेम दोन मिलिमीटरांची दिसे. पडदा अपूर्व होता, पण त्याच्यायोग्य आज्ञावल्याच नव्हत्या. त्याची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर असल्याने ह्या दोषाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

आजचा आमचा २७ इंची पडदा घेऊ. त्याच्या कर्णावर सुमारे ४४०६ पिक्सेल येतात. त्यास २७ ने भागिले असता बिंदुघनता १६३ येते. ९६ च्या हिशेबाने सोळा पिक्सेलांची चित्रखूण ४.२ मिलिमीटर रुंद असावयाची, ती येथे २.५ मिलिमीटर होते, आणि तिचे क्षेत्रफळ एक तृतीयांशाच्या थोडे वर उरते. डोळ्याचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी हाताचा प्रश्न राहतोच. पॉल फिट्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखविल्याप्रमाणे, एखाद्या लक्ष्यावर हात नेऊन टेकविण्यास लागणारा वेळ लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी ह्यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमावर अवलंबून असतो. लक्ष्याची रुंदी निम्मी झाली की कामाची अवघडता ठराविक मात्रेने वाढते, आणि ही वाढ दिवसातून शेकडो वेळा, प्रत्येक टिचकीस, मोजावी लागते. सायंकाळी मनगट दुखते त्याची काही उपपत्ती येथे सापडावी.

मग सर्व काही मोठे करून दाखविणे ओघानेच आले. प्रकाशशास्त्रातील ‘विशालन’ हा शब्द येथे चालेल. हे विशालन मुख्यतः दोन रीतींनी होऊ शकते, आणि त्यांतील भेद छापखान्याच्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. छापलेल्या पानाचे छायाचित्र घेऊन ते मोठे करता येते, किंवा तोच मजकूर मोठ्या खिळ्यांत पुन्हा जुळविता येतो. पहिल्या रीतीत मांडणी बिघडत नाही, सर्व वस्तूंचे परस्परप्रमाण जसेच्या तसे राहते, पण कडा पुसट होतात. दुसऱ्या रीतीत अक्षर रेखीव येते. परंतु ओळी नव्याने तुटतात, समास बदलतात, आणि मजकूर पानात मावेल की नाही ह्याची चिंता पुन्हा करावी लागते. ती चिंता वाहणारा जुळारी जर हजर नसेल, तर मजकूर कडेबाहेर जातो.

विंडोजने २००७ च्या व्हिस्टापासून ह्या दोन्ही रीती ठेवल्या आणि त्यांतील कोणती वापरावयाची हे आज्ञावलीच्या प्रतिज्ञेवर सोपविले. आज्ञावलीने आपल्यासोबत एक निवेदन द्यावयाचे असते. ‘मला बिंदुघनता समजते’ असे तिने निवेदन केले नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिम तिला फसविते. पडदा ९६ घनतेचाच आहे असे तिला सांगितले जाते. ३८४० × २१६० च्या पडद्यावर दीडपट विशालन असेल तर पडदा २५६० × १४४० चा आहे असे भासविले जाते. तिने काढलेले चित्र मग बाहेरच्या बाहेर ताणून दीडपट केले जाते. माऊसच्या टिचकीची स्थानेही त्याच प्रमाणात भागून तिच्याकडे पोहोचविली जातात. हा पुसट पण निरुपद्रवी प्रकार. उलट, ज्या आज्ञावलीने ‘मला समजते’ असे निवेदन केले तिच्या कामात ऑपरेटिंग सिस्टिम ढवळाढवळ करीत नाही. तिला खरोखर समजत असेल तर चित्र उत्तम येते. नसेल तर चौकटी लहान आणि अक्षरे मोठी, किंवा अक्षरे मोठी आणि चित्रखुणा लहान, असा अर्धवट प्रकार होतो. आमच्या उपकरणाची आज्ञावली ह्या खोट्या प्रतिज्ञेच्या वर्गातली निघाली. तिच्या कर्त्याने निवेदन कोठून तरी उतरून घेतले असावे, आणि ते सर्वत्र पाळले गेले आहे की नाही हे ९६ च्या पडद्यावर बसून तपासले असावे. तेथे दोष दिसणे शक्यच नव्हते.

येथवर हा प्रश्न शिस्तीचा वाटतो, म्हणजे सर्वांनी नीट लिहिले की सुटेल असा. त्याहून खोल अडचण अपूर्णांकाची आहे, आणि ती कोणाच्याही शिस्तीने नाहीशी होत नाही.

विशालन दुप्पट असेल तर प्रश्नच नसतो. पूर्वीच्या एका पिक्सेलाच्या जागी दोन गुणिले दोन असे चार येतात; एक पिक्सेल जाडीची रेघ दोन पिक्सेलांची होते आणि बरोबर जाळीवर बसते. २०१० सालच्या आयफोन ४ ने हेच केले. आधीच्या फोनाचा पडदा ४८० × ३२० चा होता, त्याच आकाराचा नवा पडदा ९६० × ६४० चा, म्हणजे १६३ ची घनता ३२६ झाली. जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालल्या आणि नव्या अधिक रेखीव दिसल्या. ह्यात जितकी कला होती तितकीच पडद्याचा निर्माता आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्ता एकच असण्याची सोय होती. (आमचा २७ इंची पडदा आणि तो पहिला फोन ह्यांची घनता एकच, १६३, हा योगायोग मौजेचा आहे, फोन हातात धरतात आणि पडदा दूर असतो एवढाच भेद.)

दीडपटीत मात्र एक पिक्सेलाची रेघ दीड पिक्सेलाची व्हावयास पाहते, आणि अर्धा पिक्सेल नावाची वस्तू जगात नाही. समजा एका कोष्टकाच्या आडव्या रेघा ०, १, २, ३ अशा समान अंतरावर आहेत. दीडपटीने त्या ०, १.५, ३, ४.५ वर जातात. पूर्णांकांवर आणल्या तर ०, २, ३, ५ अशा होतात, म्हणजे अंतरे क्रमाने २, १, २. जी अंतरे समान होती ती विषम झाली, आणि ही चूक मूळ आज्ञावलीत कोठेच नाही. पूर्णांकांवर न आणता दोन पिक्सेलांवर करडा रंग पसरून रेघ काढली, तर अंतरे समान दिसतात पण रेघ धूसर होते. तिसरा उपाय ॲपलच्या संगणकांनी अवलंबिला : सर्व चित्र आधी दुप्पटीने काढावे आणि मग ते आखडून पडद्याएवढे करावे. आमच्या पडद्यावर २५६० × १४४० एवढी कामाची जागा हवी असेल, तर चित्र ५१२० × २८८० चे काढले जाते आणि मग ३८४० × २१६० वर आणले जाते. दाखवावयाच्या पिक्सेलांच्या १.७८ पट पिक्सेल काढावे लागतात, त्याची किंमत संगणकास मोजावी लागते, आणि एवढे करूनही एक पिक्सेल जाडीच्या रेघा थोड्या मऊच दिसतात. समान अंतर, रेखीव कडा आणि कमी श्रम, ह्या तिन्ही गोष्टी अपूर्णांकी विशालनात एकाच वेळी मिळत नाहीत. कोणत्या दोन घ्यावयाच्या, एवढेच स्वातंत्र्य.

देवनागरीच्या वाचकास ह्या निवडीची झळ विशेष लागते. रोमन लिपीत लहान अक्षरांचे मुख्य आडवे भाग माथ्याशी आणि पायाशी येतात. देवनागरीत सोळा पिक्सेलांच्या उंचीत वेलांटी, मात्रा व अनुस्वार वर, मग शिरोरेषा, मग अक्षराचे अंग, आणि खाली उकार किंवा जोडाक्षराचा दुसरा मजला, एवढे सर्व बसवावे लागते. ‘राष्ट्र’ शब्दातील जोडाक्षर ९६ घनतेच्या पडद्यावर बारा पॉइंटांत पाहिले असता त्याचे घटक वाचकाने ओळखलेले नसतात, आठवलेले असतात. शिरोरेषा ही तर सबंध शब्दावरून जाणारी एक अखंड आडवी रेघ. अपूर्णांकी विशालनाच्या दोषाचे याहून चांगले परीक्षण दुसरे नसावे. ओळींची अंतरे अपूर्णांकात राहू दिली तर एका ओळीची शिरोरेषा काळीभोर आणि दुसरीची दोन पिक्सेलांवर पसरलेली करडी दिसते. अंतरे पूर्णांकावर आणली तर शिरोरेषा एकसारख्या येतात, पण ओळी कोठे दाट आणि कोठे विरळ होतात.

धातूच्या खिळ्यांच्या काळी प्रत्येक आकारमानाचा ठसा स्वतंत्र कोरला जाई. लहान अक्षर हे मोठ्या अक्षराची आखडलेली प्रत नसे. त्यातील पोकळ्या जाणून मोठ्या ठेवलेल्या असत. संगणकावर हे काम, १९९१ मध्ये ॲपलने आणलेल्या ट्रूटाइप पद्धतीत, अक्षराच्या आकृतीबरोबर दिलेल्या सूचनांनी केले जाते. कोणती रेघ कोणत्या पिक्सेलावर ओढून घ्यावयाची हे त्या सूचना सांगतात. शेकडो जोडाक्षरे असलेल्या लिपीसाठी हे काम हाताने करणे खर्चाचे असल्याने ते क्वचितच पूर्ण झाले. पिक्सेलच इतके बारीक झाले की त्यांची जाळी डोळ्यास दिसू नये, हा त्यावरचा खरा उतारा होय. सामान्य दृष्टीच्या डोळ्यास सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा भेद ओळखता येतो. हाताच्या अंतरावर, ७१ सेंटिमीटरांवरून, ९६ घनतेचा पिक्सेल सुमारे १.३ कलांचा भरतो, तर १६३ घनतेचा सुमारे पाऊण कलेचा. म्हणून, ‘हा सगळा उपद्व्याप कशाला, जुने पडदेच बरे होते’ हे मत मराठी मजकूर दिवसभर वाचणाऱ्याने तरी स्वीकारू नये असे प्रस्तुत लेखकास वाटते. सूक्ष्म पडद्याचा लाभ आपल्या लिपीस रोमनपेक्षा अधिक आहे. त्याचा जाच मात्र सर्वांस सारखाच.

दोन पडद्यांचा प्रश्न अध्यापकवर्गास सर्वांत परिचित असेल. १५० किंवा २०० टक्के विशालनाचा लॅपटॉप घेऊन वर्गात जावे आणि तो १०० टक्क्यांवर चालणाऱ्या प्रक्षेपकास जोडावा. खिडकी इकडून तिकडे सरकविताच मधल्या कडेवर तिचे रूप बदलते. जुन्या व्यवस्थेत सर्व संगणकास मिळून बिंदुघनतेचा एकच आकडा होता. युनिक्स परंपरेतील एक्स ११ ह्या १९८७ च्या व्यवस्थेत अनेक पडदे मिळून एकच पट मानला जातो, आणि त्या पटावरील पिक्सेल सर्वत्र एकाच मापाचा असे गृहीत असते. पडदागणिक निराळी घनता ही कल्पना विंडोजमध्ये २०१३ च्या ८.१ आवृत्तीत आली, आणि चौकटी, शीर्षके व संवादपटल आपोआप सांभाळले जातील अशी तिची सुधारलेली रचना २०१७ मध्ये विंडोज १० च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर आली. लिनक्सवरील वेलँड ह्या नव्या व्यवस्थेत आरंभी विशालन पूर्णांकीच होते. दीडपटीसाठी दुप्पट काढून आखडणे हाच मार्ग होता. अपूर्णांकी विशालनाचा स्वतंत्र करार तेथे २०२२ च्या अखेरीस झाला. त्यात गुणक हा १२० छेदाच्या अपूर्णांकाने सांगतात. दीडपट म्हणजे १८०. दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ ह्या सर्वांनी भाग जाणारी संख्या निवडण्याची ही दृष्टी ७२ पॉइंट आणि १२ पॉइंटांचा पायका ठरविणाऱ्यांच्याच जातीची आहे.

एवढे होऊनही खऱ्या इंचाची गाठ कोठे पडतच नाही. प्रत्येक पडदा आपली लांबी-रुंदी सेंटिमीटरांत संगणकास कळवू शकतो. पण प्रक्षेपकाच्या बाबतीत त्या जागी शून्य येते, कारण भिंतीवरच्या चित्राची लांबी भिंत किती दूर आहे ह्यावर ठरते. कळविलेले आकडे चुकीचे असण्याचेही प्रकार होतात. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने ह्या आकड्यांवर फार भरवसा न ठेवता १००, १२५, १५० टक्के अशा ठोकळ गुणकांवर भागविले. आंतरजालावरील पानांची मांडणी सांगणाऱ्या सीएसएसच्या २०११ सालच्या २.१ ह्या प्रमाणात एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल असे कायमचे ठरवून टाकले आहे, आणि तेथील आदर्श पिक्सेल हा ९६ घनतेच्या पडद्याचा एक पिक्सेल २८ इंचांवरून ज्या कोनात दिसेल त्या कोनाने सांगितला आहे. म्हणजे लांबी सोडून कोन धरला. व्याख्या म्हणून ही फारच विचारपूर्वक आहे, आणि न्याहाळकांतील पाने सूक्ष्म पडद्यांवर इतर आज्ञावल्यांपेक्षा सहसा नीट दिसतात त्याचे श्रेय तीस द्यावयास हवे. परंतु त्यामुळे झाले असे की, संगणकाच्या पडद्यावर ‘एक इंच’ असे लिहिलेली रेघ एक इंच असेलच असे नाही. विद्यार्थ्यांनी पडद्यावर पट्टी लावून आलेख मोजू नये, हे सांगावयास आता एवढे कारण पुरे आहे. सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रावरील मापरेषा चित्रातच कोरलेली असावी, विशालनाचा आकडा मथळ्यात लिहून भागवू नये, हा दंडकही ह्याच कारणाने रास्त ठरतो.

वैज्ञानिक उपकरणांच्या आज्ञावल्यांची गोष्ट निराळी आहे. संगणक पाच-सहा वर्षांत बदलतो. उपकरण वीस-वीस वर्षे टिकते, आणि त्याची आज्ञावली पहिल्या दिवशी मिळालेलीच चालवावी लागते. मूळ लेखन हाती नसते, कर्ता भेटण्याजोगा नसतो. जावाने सूक्ष्म पडद्यांची सोय विंडोज व लिनक्सवर २०१७ मधील नवव्या आवृत्तीत केली, क्यूटने २०१६ मधील ५.६ पासून, त्यापूर्वी बांधलेल्या आणि पुन्हा न बांधलेल्या आज्ञावल्यांस त्याचा उपयोग नाही. तेव्हा खरेदी करतानाच विचार करणे हिताचे. आमचा अनुभव असा की, पडद्याच्या जाहिरातीतील पिक्सेलांची एकूण संख्या न पाहता बिंदुघनता काढावी. ती ९० ते ११० च्या दरम्यान असेल तर १०० टक्क्यांवर काम होते. २७ इंची २५६० × १४४० चा पडदा १०९ चा असतो. ती १८० ते २२० असेल तर २०० टक्क्यांवर काम होते. २४ इंची ३८४० × २१६० चा पडदा १८४ चा, आणि २७ इंची ५१२० × २८८० चा २१८ चा. मधला पट्टा अपूर्णांकाचा, आणि बाजारात सर्वांत स्वस्त व सर्वांत मुबलक मिळणारे २७ इंची पडदे नेमके त्याच पट्ट्यात आहेत. आमचाही त्यांतलाच.

प्रयोगशाळेत अखेर दोन उपाय करून पाहिले. पहिला, पडदाच १९२० × १०८० वर चालविण्याचा. हे बरोबर निम्मे असल्याने एका पिक्सेलाचे चार होतात आणि अपूर्णांक येत नाही; पण पडद्यातील यंत्रणा बरोबर दुप्पट असूनही कडा पुसट करीत होती, आणि त्याच संगणकावर अहवाल लिहिणाऱ्यांनी तक्रार केली. दुसरा उपाय आज्ञावलीच्या गुणधर्मांत जाऊन तिची प्रतिज्ञा रद्द करण्याचा. विंडोजमध्ये आज्ञावलीच्या चित्रखुणेवर उजवी टिचकी देऊन, ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कम्पॅटिबिलिटी’ ह्या पानावर बिंदुघनतेची जी योजना असते, तेथे विशालन कोणी करावे ह्यापुढे ‘ॲप्लिकेशन’, ‘सिस्टम’ आणि ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ असे तीन पर्याय दिलेले असतात. तिसरा, जमला तर, अक्षरे रेखीव ठेवतो; आमच्या आज्ञावलीत त्याने आलेखाच्या रेघा विस्कटल्या. दुसरा निवडला. आता ती आज्ञावली आपण ९६ च्या पडद्यावर आहोत असे समजून चित्र काढते आणि ते चित्र सबंध ताणले जाते. त्यानंतर दोन्ही नमुन्यांची मापने पुन्हा घेण्यात आली. पायरी गेली, आणि प्रवाहाचा वक्र शेवटपर्यंत एकसारखा उतरत गेला. अक्षरे किंचित धूसर दिसतात. घातांकाचे दोन्ही आकडे मात्र चौकटीत असतात.